तुरीखालची पिशवी

मित्रांनो, दारामागच्या खिळ्याला लटकलेली ही चॉकलेटी रंगाची पिशवी दिसते ना, ती मी. माझा एक बंद दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे, म्हणून मी जरा तिरकी लटकते. एका कोपऱ्याला ठिगळ आहे. आणि मला कितीही झटकलं तरी शिवणीतून तुरीचा एखादा दाणा निघतोच. तो दाणा तिथं कसा गेला, तेच तुम्हांला सांगायचं आहे. एरवी पिशवीच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय असतं? भरायचं, रिकामं व्हायचं आणि पुन्हा खिळ्यावर जायचं.

जन्मानं मी पिशवी नाही. मी पँटपीस. आमच्या भागात लग्न म्हटलं की आहेर आला, आणि आहेर म्हटला की पँटपीस आला. तो सहसा कोणी शिवत नाही. ज्याला मिळतो तो पेटीत ठेवतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोकळा होतो. यवतमाळच्या दुकानातून निघाले तेव्हापासून मी अशीच लग्नालग्नांतून फिरले. प्रत्येक ठिकाणी मला कुंकवाचं बोट लागलं, प्रत्येकानं मला बोटांत चुरगाळून पाहिलं आणि नाक मुरडून पेटीत टाकलं. एकदा तर फिरत फिरत, ज्यांनी मला पहिल्यांदा दिलं होतं त्यांच्याच घरी मी आहेर म्हणून परत आले. त्यांनी मला बरोबर ओळखलं. पण बोलणार कोणत्या तोंडानं? त्यांनी हसून मला घेतलं आणि महिन्याभरात पुढे ढकललं.

शेवटी मी नेरजवळच्या एका गावात विमलताईंच्या पेटीत येऊन पडले. विमलताईंचे यजमान घनश्यामभाऊ. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणारं, खाऊन-पिऊन सुखी असं घर. मुलगा अमर त्यांच्याबरोबरच शेती बघतो. माझीही पुढच्या लग्नाला पाठवणी व्हायची होती, पण मध्येच उंदरानं माझा कोपरा कुरतडला. फाटका आहेर कोणाला देणार? विमलताईंनी मला पायाच्या मशीनवर घातलं, ठिगळ मारलं, दोन बंद लावले, आणि पहिल्यांदाच माझा कोणाला तरी उपयोग झाला.

तेव्हापासून घरातले जे कागद हरवून चालत नाहीत, ते माझ्यात राहू लागले. सातबारा, आधारकार्डं, बँकेची पासबुकं, गॅसचं कार्ड. तलाठी आला की पहिली हाक मला. बँकेत जायचं झालं की घनश्यामभाऊ आधी माझा तळ चाचपत आणि मग पायांत चप्पल घालत. "पिशवी हाय म्हनून घर हाय," असं ते एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले होते. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी खिळ्यावर जरा सरळ लटकले.

मग ते वर्ष आलं. ऐन महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, दिवसांत घनश्यामभाऊंच्या कमरेत कळ उठली. गडी असा तळमळला की अमरला त्यांना धरून ठेवावं लागलं. नेरच्या डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढायला लावला आणि सांगितलं, मूतखडा आहे, लघवीच्या वाटेत अडकलाय, यवतमाळला न्या. यवतमाळच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना भरती केलं. दुर्बिणीनं खडा काढायचा ठरलं. दवाखान्याचे कागद माझ्यात आले आणि मी विमलताईंच्या खांद्याला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एक सिस्टर आली. तिनं खाटेच्या दांडीला एक छोटी पाटी अडकवली. पाटीवर तीन इंग्रजी अक्षरं होती. "मावशी, यांना एनबीएम ठेवा बरं का," एवढं म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली.

विमलताई सातवी शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं त्यांना सुटी सुटी ओळखता येतात, पण चार अक्षरं एकत्र आली की ती त्यांना ओळख देत नाहीत. त्यांना वाटलं, खाटेचा नंबर असेल, नाहीतर सलाईनचं नाव असेल. विचारावं असं मनात आलं होतं, मी त्यांच्या खांद्यालाच होते, मला कळलं. त्यांनी हातही थोडा वर केला. पण सिस्टरच्या मागे सारा वॉर्ड लागलेला, आणि दवाखान्यात प्रश्न विचारणारी बाई आगाऊ दिसते, हे विमलताईंच्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं. अमर औषधं आणायला खाली गेला होता. हात पुन्हा खाली आला.

तेवढ्यात कोकिळाबाई आल्या. या घनश्यामभाऊंच्या धाकट्या बहीण, यवतमाळातच दिलेल्या. त्यांच्या घरी आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं. हातात स्टीलचा डबा, डब्यात प्रसादाची आंबील. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, पातळ आणि आंबटसर. आमच्याकडे महालक्ष्म्यांची आंबील कोणी परत पाठवत नाही. पोट भरलेलं असलं तरी बोट लावून ओठांना लावतात.

"वैनी, दादाले दोन चमचे तरी द्या," कोकिळाबाई म्हणाल्या. "ऑपरेशनले चालले. प्रसादाले नाही म्हनू नये."

"दोन चमच्यानं काय होते?" घनश्यामभाऊ म्हणाले. "रातपासून कोनं चहा बी नाही देल्ला. वाटीभर दे."

विमलताईंनी पाटीकडे पाहिलं. पाटी काही बोलली नाही. त्यांनी वाटी भरली, मनातल्या मनात हात जोडले आणि नवऱ्याला स्वतःच्या हातानं आंबील पाजली. घनश्यामभाऊंनी वाटी बोटानं पुसून घेतली. कोकिळाबाई डबा घेऊन समाधानानं घरी गेल्या.

थोड्या वेळानं घनश्यामभाऊंना ढकलगाडीवरून ऑपरेशनच्या खोलीशी नेलं. भूल देणारे डॉक्टर दारातच उभे होते. "आबा, सकाळपासून काही खाल्लं-प्यालं नाही ना?" त्यांनी विचारलं.

घनश्यामभाऊंनी मान वळवून विमलताईंकडे पाहिलं. विमलताईंनी डोळे खाली घातले. काहीतरी चुकलं, हे त्यांना त्या प्रश्नाच्या सुरावरूनच कळलं होतं.

"नाही जी," घनश्यामभाऊ म्हणाले. दार बंद झालं.

शेजारच्या खाटेवर दारव्ह्याकडचे बबनराव होते. दवाखान्याची सवय झालेले, बोलायला उतावळे. विमलताईंनी रिकाम्या खाटेची चादर नीट करता करता सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊ, हे पाटी कायची होती?"

"एनबीएम? अवं बाई, म्हंजे पोटात पान्याचा थेंब बी नाही द्याचा. भूल देतात ना. आमच्या तिकडच्या एका मानसाले घरच्यायनं चहा पाजला होता. तो टेबलावरूनच गेला." बबनराव कूस बदलून झोपले. बोलून जाणाऱ्याचं काय जातं.

मित्रांनो, त्या बाईनं मला छातीशी इतकं घट्ट धरलं की आतल्या आधारकार्डाची कड माझ्या कापडाला रुतली. त्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. अमर म्हणाला, आई, बस ना. त्या बसल्या नाहीत. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. अनघा त्यांचं नाव, वयानं अमरएवढ्याच असतील. "खडा निघाला. आत थोडी उलटी झाली होती, पण आता छान आहेत," असं म्हणून त्या हसल्या. अमर हसला. विमलताईंच्या कानांत मात्र एकच शब्द शिरला होता, उलटी. आंबीलच ती. आपल्या हातची.

सुट्टी मिळाली त्या दिवशी दवाखान्यात ही गर्दी. अमर बिलाच्या रांगेत होता. डॉक्टर अनघांनी घाईघाईनं फाईल विमलताईंच्या हातात दिली. "सगळं यात लिहिलंय, मावशी. मुलाला वाचायला द्या." आणि त्यांना कोणीतरी हाक मारली म्हणून त्या गेल्या.

विमलताईंनी तिथंच फाईल उघडली. कागदभर इंग्रजी. कुठे दोन अक्षरं आणि मध्ये तिरपी रेघ, कुठे तीन अक्षरं आणि पुढे अधिकचं चिन्ह. आणि सगळ्यांत खाली, एका ओळीत तीन मोठी अक्षरं, त्यांच्याखाली लाल शाईनं ओढलेल्या दोन रेघा. शाळेत चुकलेल्या गणिताखाली गुरुजी ओढत, अगदी तशा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते हेच. विमलताईंची खात्री पटली की डॉक्टरांना आंबील कळली, त्यांनी ती लिहिली, आणि वर मुलाला वाचायला द्या म्हणून सांगितलं.

त्यांनी फाईल माझ्यात कोंबली आणि वरून टॉवेल घातला.

"डॉक्टर काय म्हने? पुन्हा कधी बोलावलं?" बसमध्ये अमरनं विचारलं.

"बरं वाटलं त काई गरज नाही म्हने," विमलताई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. मित्रांनो, आंबील पाजली ती चूक अजाणतेपणी झाली होती. हे वाक्य मात्र त्यांनी जाणूनबुजून उच्चारलं, आणि खरं संकट याच वाक्यापासून सुरू झालं.

घरी आल्यावर मी पुन्हा खिळ्यावर गेले. पण विमलताईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरात कोणी नसलं की त्या मला काढत, कागद गुडघ्यांवर पसरत आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत. पाटीवरची अक्षरं इथं कुठे आहेत का, ते शोधत. एखादं सापडलं की त्यांचं बोट तिथंच थांबे. ऑपरेशनच्या आधी खाऊ घातलं म्हणून पोलिसांत तर देणार नाहीत ना, असं एकदा त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मी काय सांगणार होते? कागद माझ्या पोटात होता, पण वाचता मलाही येत नाही. त्या अक्षरांपुढे आम्ही दोघीही सारख्याच अडाणी होतो.

एकदा मात्र त्यांनी धीर केला. लाल रेघांवरची ती तीन अक्षरं त्यांनी पेनानं डाव्या तळहातावर उतरवली, जशी दिसली तशी, चित्र काढावं तशी. कागद कोणाला दाखवायचा नव्हता. फक्त या अक्षरांचा अर्थ विचारायचा आणि निघून यायचं. बाजाराचं निमित्त करून त्या मला घेऊन नेरला निघाल्या. बसला गर्दी होती. उभ्या उभ्या दांडी धरून प्रवास झाला. औषधाच्या दुकानापुढे येऊन त्यांनी मूठ उघडली, तर घामानं सगळी शाई पसरून तळहात नुसता निळा झाला होता.

"काय पायजे, काकू?" दुकानदारानं विचारलं.

विमलताई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मी होते की त्यांच्या खांद्यावर. माझा बंद सोडायचा, कागद काढून समोर धरायचा, एवढंच काम होतं. त्यांना वाटलं, विचारू नको असं देवीनंच सुचवलं. "डोकेदुखीची गोळी द्या," त्या म्हणाल्या. माणसाला जे करायचं नसतं, त्याला देवाची साक्ष लगेच सापडते.

त्या संध्याकाळी त्यांनी सातबारा आणि पासबुकं काढून पेटीत ठेवली. फाईल तेवढी माझ्यात राहू दिली. मग तुरीच्या कोठीचं झाकण उघडलं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि मला तुरीखाली दाबलं. घराची पिशवी म्हणून मिरवणारी मी, अशी अंधारात गेले.

तिथं मला दिसत काही नव्हतं. पण कोठी पत्र्याची, ऐकू सगळं येई. कापसाचा वेचा सुरू झाला तसे घनश्यामभाऊ शेतातून लवकर परतू लागले. लघवीला जळजळतं म्हणत. पाठीत, कुशीत दुखतं म्हणत. कधी ओझं उचललं की लघवी लालसर होई. "उन्हानं होते," विमलताई म्हणत आणि धन्या-जिऱ्याचं पाणी उकळून देत.  त्यांनी नवस धरून आंबट सोडलं होतं. ताक नाही, कढी नाही, चिंच नाही. घनश्यामभाऊंनी विचारलं, काहून वो? तर म्हणाल्या, सांधे धरतात. मग त्या चुलीशी जाऊन उगाच भांडी वाजवत, रडणं ऐकू येऊ नये म्हणून. मला ऐकू यायचं.

एके दिवशी अमर वैतागला. "नेरच्या डॉक्टरले दाखवू. पन तो पयले जुने कागद मांगन. आई, दवाखान्याचा कागद कुठी हाय?"

"सापडून नाही राह्यला. पिशवीच दिसत नाही."

अमरनं घर पालथं घातलं. पेटी, फळी, गाद्यांचा ढीग, काही सोडलं नाही. शेवटी थकून तो कोठीच्या झाकणावरच येऊन बसला. मित्रांनो, त्याच्यात आणि माझ्यात हातभर तूर होती. त्याच्या बुडाखालचा पत्रा कुरकुरत होता आणि पलीकडे विमलताईंचा श्वासही ऐकू येत नव्हता. "जाऊ दे," घनश्यामभाऊच म्हणाले. "हरवला असन. नाही सापडला तेच बरं हाय." ते असं का म्हणाले, हे मला तेव्हा कळलं नाही.

उन्हाळा तोंडावर आला असताना एका दुपारी घनश्यामभाऊंना थंडी वाजून ताप भरला. दात वाजायचा आवाज कोठीपर्यंत येत होता. अंगावर दोन गोधड्या घातल्या तरी खाट करकरत होती. अमर गाडी आणायला चौकात धावला. घरात दोघंच उरली.

"विमल," घनश्यामभाऊ म्हणाले, "मले एक सांगाचं हाय. हे दुखनं माह्या खोटेपनाचं हाय."

"कायचं खोटं? पडून राहा तुमी."

"त्या डॉक्टरनं इचारलं, काई खाल्लं का. म्या नाही म्हनलं. तुह्यावर येऊ नये म्हनून म्हनलं. पन खोटं ते खोटंच. त्या कागदावर तेच लिवलं असन, म्हनून हरवला त म्या बी शोधला नाही." ते थांबले, धाप लागली. "पोराले सांगजो. माह्या तोंडानं नाही निघत."

म्हणजे बघा. एका वाटीचा अपराध दोघांनी वेगवेगळा वाहिला होता, एकाच छपराखाली, एकमेकांपासून चोरून. आणि दोघांनाही एकाच कागदाची भीती होती.

विमलताई तडक उठल्या. कोठीचं झाकण आपटलं, लख्ख उजेड आला, आणि त्यांचा हात तुरीतून खोल माझ्यापर्यंत पोचला. त्यांनी मला ओढून काढलं तेव्हा सगळीकडे तूर सांडली. त्या तशाच, मला पोटाशी धरून, खाटेजवळ खाली बसल्या. "मीच लपवला," त्या म्हणाल्या. "तुमाले दुखत होतं आन् म्या पाहत होती."

गाडी आली. ती थेट यवतमाळला निघाली. अमर पुढे बसला होता, मधूनच आरशातून आईच्या मांडीवरच्या माझ्याकडे बघत होता. त्याला रागवायचं होतं, पण बापाचं डोकं त्याच मांडीवर होतं.

डॉक्टर अनघांनी तापाचं इंजेक्शन चालू केलं आणि माझ्यातली फाईल उघडली. पानांमधून तुरीचे दाणे टेबलावर घरंगळले. शेवटच्या ओळीवर त्यांची नजर गेली आणि चेहरा उतरला. "ही नळी अजून आतच आहे?" त्यांनी विचारलं.

"कोनती नळी?" अमर म्हणाला.

"खडा काढल्यावर मूत्रपिंडापासून खाली एक बारीक नळी ठेवतो आम्ही, वाट मोकळी राहावी म्हणून. महिन्याभरात काढायची असते. हे बघा, डीजेएस. त्या नळीचंच नाव. दोन रेघा मारल्यात खाली, विसरू नये म्हणून." त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही आलाच नाहीत. आणि आम्हीही बोलावलं नाही."

 आठवण देणाऱ्या रेघा होत्या त्या, आणि विमलताईंनी शिक्षा समजून तुरीखाली पुरल्या होत्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. पाटी, आंबील, बबनराव, उलटी, बसमधलं ते वाक्य, तळहातावरची शाई. काही म्हणता काही मागे ठेवलं नाही. "त्यात आंबीलचं काय लिवलं हाय, तेवढं वाचून दाखवा," त्या शेवटी म्हणाल्या. "मंग काय शिक्षा द्याची ते द्या."

डॉक्टर अनघांनी खुर्ची ओढली, विमलताईंना बसवलं आणि पहिल्या ओळीपासून एकेक अक्षर मराठीत सांगितलं. रक्तदाब इतका. साखर नाही. कोणत्या बाजूला दुखतं. कोणत्या गोळ्या. कागद संपला.

"आंबील?" विमलताईंनी विचारलं.

"ती नाहीच यात. तुम्ही सांगितली असती तर लिहिली असती. तेव्हा द्यायला नको होती, मावशी, फार वाईट झालं असतं. तुमचं नशीब थोर. पण या दुखण्याचा तिच्याशी काही संबंध नाही."  मग त्यांनी लाल रेघांवर बोट ठेवलं. "हे अक्षर माझं आहे. मी लिहिलं आणि मला वाटलं की सांगितलं. लिहिणं वेगळं आणि सांगणं वेगळं. यात माझाही दोष आहे."

नळी एका फेरीत निघाली नाही. इतके महिने आत राहून तिच्यावर खडे चढले होते. आधी ताप उतरवला, मग दुर्बिणीनं खडे फोडले, मग पुन्हा एकदा आत जाऊन ती काढली. दोन्ही वेळा पाटी लागली, आणि दोन्ही वेळा विमलताई खाटेपाशी राखणीला बसल्या. आलेल्या प्रत्येकाला सांगत, पोटात पाण्याचा थेंब बी नाही. कोकिळाबाई आल्या तर त्यांच्या हातातल्या पिशवीतही डोकावून पाहिलं. घनश्यामभाऊ वाचले. पण त्या बाजूचं मूत्रपिंड पहिल्यासारखं राहिलं नाही, त्याचं काम अर्ध्यावर आलं. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं, आणि कागदावर मराठीतही लिहिलं. खाली लिहिलं, आत आता नळी नाही.

 घरी आल्यावर अमरनं दारामागे नवा खिळा ठोकला, जाता-येता दिसेल असा, आणि मला त्यावर टांगलं. दवाखान्यात जायचं झालं की आता विमलताई कागदावर बोट ठेवून विचारतात, हे काय, आणि हे काय? मागची रांग कुरकुर करते. त्या ऐकून घेतात, पण उठत नाहीत.

परवा महालक्ष्म्या होऊन गेल्या. कोकिळाबाईंकडून आंबील आली. घनश्यामभाऊंनी वाटी घेतली, चमचा भरला आणि आधी विमलताईंपुढे धरला.

"माहं आंबट सुटलं हाय," त्या म्हणाल्या.

"मले ठावं हाय कायले सोडलं ते. घे."

"त्या बाजूचं अर्धं गेलं ना जी तुमचं. माह्यापायी."

"अर्धं हाय ना. घे म्हनतो."

त्यांनी तो चमचा घेतला.  मी समोरच्या खिळ्यावर होते, मला दिसलं. मनातलं सगळं फिटलं असं मी म्हणणार नाही. अजूनही भाऊ कुशीवर वळताना कण्हले की विमलताईंचा हात कामातून थांबतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी पिशवी असेल. आज घरी गेल्यावर तिच्यात बघा. दवाखान्याचा कागद असेल आणि त्यातली अक्षरं कोणाला कळली नसतील, तर आई-बाबांना सांगा, आजी-आजोबांना सांगा, की ती विचारून घ्या. लाज वाटली तरी विचारा. चूक झाली असेल तर ती आधी सांगा आणि मग विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर झालं, तर लिहून झाल्यावर समोरच्या माणसाच्या तोंडाकडे एकदा बघा, कळलं का ते.

मला मिरचीच्या धुरात टांगा, माझ्यावर कोळी जाळं करू दे, माझी तक्रार नाही. फक्त लपवू नका. तुरीखाली मी कितीतरी महिने होते. औषधाचा कागद माझ्या पोटात होता, आणि वर एक माणूस कण्हत होता, ते मी रोज ऐकत होते.